निळी रेघ

सावद्याच्या शिवारात केळीच्या बागेत राबणारा माणूस कपड्यांवरून ओळखू येतो. छातीवर, बाह्यांवर, खांद्यावर, जिथे जिथे घड टेकला तिथे तिथे काळपट तपकिरी डाग. घड कापताना दांड्यातून ठिबकणारा चीक अंगावर पडतो तेव्हा जवळजवळ पाण्यासारखाच असतो, त्याच्याकडे लक्षही जात नाही. डाग दिसतो तो नंतर, चीक वाळता वाळता. आणि एकदा दिसला की साबण, सोडा, ऊन, कशालाच दाद देत नाही. म्हणून बागेतले कपडे वेगळे ठेवायची आमच्याकडे रीत आहे.

लहानपणी मला वाटायचं की रंग चिकातच असतो आणि सावकाश वर येतो. तसं नाही. चिकातले काही पदार्थ हवेतल्या ऑक्सिजनला आपल्याकडचे इलेक्ट्रॉन देऊन बसतात, आणि दिल्यावर जे उरतं ते एकमेकांना चिकटत जाऊन गडद होतं. वेफर्ससाठी सोललेलं कच्चं केळं लगेच पाण्यात टाकावं लागतं, सकाळी केलेलं शिकरण दुपारी करडं दिसतं, ते याच कारणाने. फळ कापलं, चेचलं, पिळलं की ही देवघेव सुरू होते. तिच्यात सगळ्यांच्या आधी पुढे होऊन देणारा एक पदार्थ असतो. त्याला आपण सी जीवनसत्त्व म्हणतो. ते मोजता येतं ते देतं म्हणून, आणि हरवतं तेही देतं म्हणून. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट उलगडायला थोडा वेळ लागतो.

आधी डोळ्यांनी पाहू. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मेडिकलमध्ये जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीन मिळतं. भाताची पेज गाळून, भरपूर पाणी घालून पातळ करायची. तिच्यात आयोडीनचा एक थेंब टाकला की पाणी गडद निळं होतं. स्टार्च आणि आयोडीन भेटले की हा रंग येतो, हे शाळेत बहुतेकांनी पाहिलेलं असतं. आता दुसऱ्या वाटीत तेच पाणी घ्यायचं, चमचाभर लिंबाचा रस पिळायचा आणि आयोडीन थेंबाथेंबाने सोडायचं. आयोडीन दसपट पातळ केलेलं बरं, नाही तर दोन-तीन थेंबांतच खेळ आटोपतो. थेंब पडतो तिथे निळी रेघ उमटते. चमचा फिरवला की विरते. पुन्हा थेंब, पुन्हा रेघ, पुन्हा विरते. हळूहळू रेघ विरायला वेळ लागू लागतो, आणि एक थेंब असा येतो की चमचा कितीही फिरवला तरी निळा रंग जात नाही.

रेघ विरते तेव्हा सी जीवनसत्त्वाचा एक रेणू आयोडीनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन देत असतो. इलेक्ट्रॉन मिळालेलं आयोडीन स्टार्चबरोबर रंग धरत नाही. वाटीत देणारे शिल्लक आहेत तोवर निळा रंग टिकत नाही आणि शेवटचा देणारा संपला की टिकतो. म्हणजे आपण मोजतो ते थेंब आयोडीनचे, पण त्यातून कळते ती देणाऱ्यांची संख्या. सी जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी अर्धा लिटर पाण्यात विरघळवली की दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असं पाणी तयार होतं. त्या पाण्याला किती थेंब लागले हे एकदा पाहून ठेवलं की कोणत्याही रसाचे थेंब मिलिग्रॅममध्ये मांडता येतात. हा सगळा हिशेब त्रैराशिकाचा आहे, सातवीतलं पोर करू शकेल असा.

प्रयोगशाळेत आयोडीनच्या जागी बहुधा दुसरा रंग वापरतात. त्याचं नाव लांबलचक आहे, डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल. तो मुळात निळा, आंबट द्रवात गुलाबी आणि इलेक्ट्रॉन मिळाले की रंगहीन. ब्युरेटमधून तो रसात सोडत जायचा. गुलाबी छटा पंधरा सेकंद टिकली की थांबायचं. जर्मनीत योझेफ टिलमान्स यांनी १९३०च्या आसपास लिंबाच्या रसावर या रंगाचा अभ्यास केला, तेव्हा रसात हा रंग घालवणारा पदार्थ नेमका कोणता हे ठरायचं होतं. आधी दिसलं ते देणं, देणाऱ्याचं नाव मागाहून कळलं.

आता जिभेकडे येतो, कारण आपण सगळे सी जीवनसत्त्व जिभेने मोजतो. आंबट लागलं की त्यात सी असणार, हा समज इतका पक्का आहे की चिंचेचं सार पिऊनही माणूस सी मिळाल्याच्या समाधानात असतो. आंबटपणा म्हणजे आम्ल, आणि आम्ल देतं तो हायड्रोजनचा धन कण. सी जीवनसत्त्वाची ओळख पटते ती इलेक्ट्रॉन देण्यावरून. ही दोन दानं निराळी आहेत. ते स्वतः सौम्य आम्ल आहे हे खरं, पण लिंबाचा आंबटपणा येतो मुख्यतः सायट्रिक आम्लातून आणि चिंचेचा टार्टारिक आम्लातून. ही आम्लं आयोडीनला काही देत नाहीत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टकं उघडली की जिभेचा क्रम पार विस्कटतो. शंभर ग्रॅम चिंचेच्या गरात सी जीवनसत्त्व जेमतेम तीनेक मिलिग्रॅम. लिंबात साधारण तीस ते पन्नास. मोसंबीत पन्नासच्या आसपास. पिकलेल्या पपईत, जिला कोणी आंबट म्हणणार नाही, पन्नासाहून थोडं जास्तच. आणि गोड पिकलेल्या पेरूत दोनशेच्या वर. हिरवी मिरची शंभराच्या पुढे. आवळा या सगळ्यांच्या वर, काहीशे मिलिग्रॅमवर. फळाची जात, पिकण्याचा दिवस, तोडल्यापासूनचा काळ यांनी आकडे बदलतात, पण हा क्रम सहसा बदलत नाही. आणि आमचं केळं? सुमारे सात-आठ. म्हणजे पेरूच्या रसाचे पाच थेंब जेवढं आयोडीन संपवतील, तेवढं संपवायला लिंबाच्या रसाचे पंचवीसेक आणि केळ्याच्या गराचे दीडशे थेंब लागावेत.

मिरचीवर मी जरा थांबतो, कारण तिच्यात आमच्या जेवणाचा आणि सी जीवनसत्त्वाच्या शोधाचा धागा जुळतो. हिवाळ्यात फैजपूर-बामणोदकडे भरताची वांगी येतात, शेतात काट्याकुट्यांवर भाजली जातात, हिरव्या मिरच्यांसोबत घोटली जातात, आणि ताटात पातीचा कांदा कच्चाच असतो. हंगेरीतल्या सेगेड या गावाभोवतीही मिरचीचीच शेती. १९२८ साली केंब्रिजमध्ये हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी प्राण्यांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून आणि काही वनस्पतींतून एक पदार्थ अगदी थोडा वेगळा काढला होता. पुढच्या तपासाला तो पुरेना. पुढे सेगेडला असताना, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, एका रात्री जेवणात ताजी मिरची होती, ती खायची इच्छा नव्हती, म्हणून ती ते प्रयोगशाळेत घेऊन गेले. मिरची त्या पदार्थाचं कोठार निघाली, आणि ग्रॅमने मिळणारा पदार्थ किलोने मिळू लागला. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. ज्याच्या आंबटपणावर आपला एवढा भरवसा, तो पदार्थ जगाला हवा तेवढा मिळाला तो तिखटातून.

आंबटाची परीक्षा खरं तर त्याच्याही सुमारे एकशे नव्वद वर्षं आधी होऊन गेली होती. १७४७ साली सॅलिसबरी या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड या वैद्याने सी जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही हा रोग जडलेले बारा खलाशी घेतले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. हिरड्यांतून रक्त, पायांत बळ नाही, अशी सगळ्यांची सारखीच अवस्था. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, एकीला पातळ केलेलं गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरीचं चाटण आणि प्यायला चिंच घातलेलं बार्लीचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. समुद्राचं पाणी सोडलं तर पाच जोड्यांच्या पोटात काही ना काही आंबट जात होतं. चिंचसुद्धा त्यात होती. झपाट्याने उठले ते फक्त संत्री-लिंबूवाले. दारूच्या जोडीला किंचित उतार पडला, बाकीचे होते तसेच राहिले.

एवढं होऊनही आंबटाचा मोह सुटला नाही. १७९५पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नेमाने देऊ लागले आणि स्कर्व्ही हटली. पुढे १८६०च्या दशकात भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी लिंबं घेतली. तीही आंबट, मग फरक काय पडणार? रस साठवणीतला, आणि काढताना तांब्याच्या नळ्यांतून गेलेला. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेत स्कर्व्ही परतली, आणि लिंबाच्या रसावरचाच विश्वास डळमळला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत गिनी पिगवर प्रयोग झाले तेव्हा कळलं की त्या छोट्या लिंबांच्या रसाची ताकद मोठ्या लिंबाच्या साधारण पाव होती. जीभ दोन्ही रसांना सारखीच दाद देत होती. त्या खलाशांच्या जहाजावर निळा रंग पोचला असता तर, असं मला नेहमी वाटतं.

यातला तांब्याचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तांब्याचा अंश रसात उतरला की सी जीवनसत्त्वाचं हवेला देणं कितीतरी वेगाने होतं. वनस्पतींच्या पेशींत हे देणं घडवून आणणारं एक विकर असतं, त्याच्याही गाभ्यात तांबं आहे. केळं काळं पाडणाऱ्या विकरातही तांबंच. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट काही ठेवलं की ते कळकतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. लिंबाचं सरबत, ताक, चिंचेची आमटी त्या भांड्यात राहू देत नसत. कारण त्यांच्या दृष्टीने चवीचं आणि पोट बिघडण्याचं होतं. पण कल्हईवाला गल्लीत आला की भांडी बाहेर काढणाऱ्या त्या हातांनी लिंबातलं बरंच काही वाचवलं.

मराठी माणसाने या विषयात हात घातला तो मोठ्या ताकदीने. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश मिळेना, तर हट्टाने मिळवला. पुढे केंब्रिजला गेल्या, ज्या हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत दहाएक वर्षांपूर्वी सेंट-ग्यॉर्गी होते तिथेच. १९३९ साली पीएच.डी. मिळाली ती वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवल्याबद्दल. सायटोक्रोम सी हे प्रथिन, सी जीवनसत्त्व नव्हे. नावातला सी दोन्हीकडे आहे एवढंच. पण त्याचं कामही इलेक्ट्रॉन एका हातातून घेऊन दुसऱ्या हातात देण्याचं. परत आल्यावर त्यांनी काही काळ कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. हैदराबादची आजची पोषण संस्था म्हणजे तीच प्रयोगशाळा, पुढे तिकडे हललेली. मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा तपासायला घेतली. ताडा-माडाची गोड, पहाटे उतरवलेली नीरा गरिबाच्या पोटात काय टाकते, हा त्यांचा प्रश्न होता. तिच्यात सी जीवनसत्त्व आणि लोह मिळालं. ऊन चढलं की आंबू लागणाऱ्या पेयावर काम करायचं म्हणजे घड्याळाशी शर्यत. तिथे कोणता रस तपासला याइतकंच तो किती वाजता तपासला हेही लिहून ठेवावं लागतं.

हे वेळेचं भान रसांची तुलना करणाऱ्या प्रत्येकाला हवं. लिंबू पिळल्याबरोबर एक वाटी तपासली, पेरू मिक्सरमध्ये पाच मिनिटं फिरवून, गाळून, तासाभराने दुसरी तपासली आणि म्हटलं की पेरूत एवढं एवढं आहे, तर तो आकडा पेरूचा नाही, पेरू आणि मिक्सर आणि तास या तिघांचा आहे. मिक्सरचं पातं गरात हवा मिसळतं, पेशी फोडतं, आणि पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली विकरं व इतर द्रव्यं एकत्र आणतं. म्हणून प्रयोगशाळेत फळ चेचतानाच त्यात मेटाफॉस्फरिक आम्ल घालतात. ते धातूंचे अंश धरून ठेवतं आणि विकरांना थोपवतं. घरी ते नसतं. मग एकच उपाय, सगळे रस एकाच वेळी, एकाच पद्धतीने काढायचे आणि लगेच तपासायचे.

रंगालाही फसवता येतं. त्याला फक्त देणं कळतं, देणारा कोण ते कळत नाही. बाटलीतल्या सरबताच्या लेबलावर २२४ असा आकडा असेल, तर त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे टिकवण्याचं द्रव्य आहे. तेही इलेक्ट्रॉन देतं. ते आयोडीनचा रंग घालवतं, इंडोफिनॉलचाही घालवतं, आणि आपण ते थेंब जीवनसत्त्वाच्या खात्यात जमा करतो. आवळ्यातले तुरट पदार्थही काही आयोडीन खातात, त्यामुळे घरच्या प्रयोगात आवळ्याचा आकडा थोडा फुगतो. आणि याच्या उलटही घडतं. एकदा देऊन बसलेलं सी जीवनसत्त्व लगेच वाया गेलेलं नसतं. त्याचं डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल होतं, आणि शरीर त्याला पुन्हा इलेक्ट्रॉन देऊन मूळ रूपात आणू शकतं. पण रंगाला ते दिसत नाही, कारण त्याच्यापाशी द्यायला काही उरलेलं नसतं. तेही थोड्या वेळात पुढे तुटत जातं, मग मात्र परतीची वाट नाही.

शरीरातही त्याचं काम हेच. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने आपली त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या बांधलेल्या असतात. ते घट्ट विणणाऱ्या विकरांत लोहाचा एक अणू असतो. तो काम करता करता इलेक्ट्रॉन गमावतो आणि सी जीवनसत्त्व त्याला ते परत देतं. देणारा नसेल तर विणकाम सैल पडतं आणि हिरड्यांतून रक्त येतं, ती लिंडच्या खलाशांची स्कर्व्ही. सावद्याच्या गुरांच्या बाजारात उभ्या असलेल्या बैलाला, शेळीला हा प्रश्नच नाही, त्यांचं यकृत ते घरीच बनवतं. आपल्याला ते जमत नाही, रोज बाहेरून आणावं लागतं. आजचा भारतीय मापदंड पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम सांगतो.

अन्नातल्या लोहाशीही त्याची अशीच गाठ पडते. धान्य-डाळीतलं लोह पोटात सहज शोषलं जात नाही. सी जीवनसत्त्वाने त्याला एक इलेक्ट्रॉन दिला की त्याची वाट सोपी होते. म्हणून कळण्याच्या भाकरीसोबत, वरणबट्टीसोबत ताटात लिंबाची फोड असते ती योग्य जागी आहे. चुलीवरच्या पातेल्यात पिळलेलं लिंबू उष्णतेला आणि हवेला देत बसतं, ताटात पिळलेलं आपल्या घासातल्या लोहाला देतं. माझ्या घरी मी यावर आग्रह धरतो. वरण ताटात वाढल्यावरच लिंबू पिळायचं.

आणि केळं? ते शेवटी तपासावं, कारण ते आपला दर्शक स्वतःच घेऊन येतं. कच्च्या केळ्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकला की जागच्या जागी काळंनिळं होतं, कारण गराचा सुमारे पाचवा भाग स्टार्च असतो. पिकता पिकता त्याची साखर होते आणि थोडासा स्टार्च मागे उरतो. तो रेघ उमटायला पुरतो. पेजेची गरज नाही. पिकलं केळं काट्याने चेचायचं, पाणी घालून ढवळायचं, पातळ आयोडीन सोडायचं. पहिले थोडे थेंब विरतात, मग रेघ टिकते. पेरूच्या वाटीशेजारी ठेवली तर केळ्याची वाटी फार लवकर निळी होते.

मला त्यात कमीपणा वाटत नाही. सावदा, निंभोरा, रावेरच्या स्थानकांवरून दिल्लीकडे गेलेल्या केळ्याने किती पोटं भरली, त्याचा हिशेब वेगळ्या कोष्टकात मांडावा लागेल. आणि या कोष्टकातही त्याची एक बाजू आहे. पिकलं केळं सहसा कोणी पिळत नाही, शिजवत नाही, गाळत नाही. साल निघेपर्यंत गर अखंड असतो, पेशींचे कप्पे शाबूत असतात, आणि साल काढल्यावर मिनिटभरात ते पोटात गेलेलं असतं. हवेच्या वाट्याला फारसं काही येत नाही. बागेतून दुपारी परतलेला माणूस पारावर बसून एकामागे एक चार केळी खातो, तेव्हा तीसेक मिलिग्रॅम वाटेत कुठे न सांडता त्याच्या पोटात जातं. खाऊन झाल्यावर तो साल बाजूला टाकतो, हात शर्टाला पुसतो. सकाळी पडलेल्या चिकाचे थेंब तोवर तपकिरी व्हायला लागलेले असतात.